कॉलीनला सांगितलेला आकडा

प्रिय एमेट,

बेताने पिऊ पाहणाऱ्यांच्या तुझ्या गटात प्रत्येकाला एक जोडीदार असतो, आणि त्याला रोजच्या ग्लासांचा खरा आकडा सांगायचा असतो. तुझी जोडीदार कॉलीन. काल मला म्हणालास, "दोनच गं, ग्रेटा." मग गॅरेजमध्ये स्पीकर लावून तिला सांगितलंस, "आज चार झाले." ती म्हणाली, "गाढवा, उद्या तीनवर ये!" दोघंही हसलात.

चार ग्लासांचा राग नाही आला. खरं तिला मिळतं, याने जीव जळला. तुझ्या बाटल्या सिंकमध्ये ओतणारी मीच, हेही आठवतं.

एकदा मलाही खरं सांग. मी ओरडणार नाही, असं लिहिलं होतं, ते खोडलं. ओरडेन. तरी सांग.

तुझीच,
ग्रेटा