सूचक, अनुमोदक आणि मी

१ मार्च, सकाळी ६

आज जाग आली ती एका आवाजानं. बेचाळीस पोरं एका दमात ओरडत होती, राष्ट्राध्यक्ष! पस्तीस वर्षं, दर वर्षी पहिल्या तासाला मी विचारायचो, देशाचा पहिला नागरिक कोण? आणि वर्ग असा गर्जायचा की फळ्यावरची खडूची धूळ खाली बसायची. एका तुकडीत तर सगळं शांत झाल्यावर मागच्या बाकावरून एक आवाज उशिरा यायचा, ‘...ध्यक्ष.’ तो ढब्बू. बाळा, देश पुढे जाईल आणि तू स्टेशनावरच राहशील, असं मी त्याला नेहमी म्हणायचो.

कूस बदलली. खाली पाण्याचा टँकर भोंगा वाजवत होता. आवाजांचीसुद्धा काय ही अधोगती!

१ मार्च, रात्री ८

संतापात लिहितोय. अक्षर बिघडलं आहे, त्याबद्दल मी माझीच माफी मागतो.

दुपारी स्टेशनरीच्या दुकानात नागरिकशास्त्राचं नवं पुस्तक चाळलं. राष्ट्राध्यक्ष: चार ओळी! त्यातली एक चित्राखालची. आमच्या वेळी अख्खा धडा होता, सहा स्वाध्याय, आणि शेवटी एक कविता, जी पोरं डोलून म्हणायची. दुकानदार म्हणाला, आजोबा, घ्यायचं नसेल तर ठेवा, पानांना घाम लागतो.

संध्याकाळी बातम्यांत नवा उमेदवार दाखवला. म्हणे सर्व पक्षांना मान्य. का? तर आजवर त्याचं एकही वाक्य कोणाला आठवत नाही म्हणून. भाषण कागदावरून वाचलं. वाचताना दोन पानं एकदम उलटली गेली. त्याला कळलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही कळलं नाही.

संकल्प: मी उभा राहतो.

२ मार्च

अटी वाचल्या. नागरिक असावा. आहे. पस्तीस वर्षं पूर्ण असावीत. दोनदा झाली. लाभाच्या पदावर नसावा. मी आयुष्यात लाभाच्या वाटेलाही गेलो नाही. वेडा ठरलेला नसावा. (ही अट आमच्या हिला वाचून दाखवली तेव्हा तिनं खोकल्यासारखं काहीतरी केलं.)

ह्या पदाला सगळी जनता मत देत नाही. जनतेनं निवडलेले सभासद देतात. तेच बरं. जनतेत आमच्या वरच्या मजल्यावरचा येतो, जो आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सतरंजी झटकतो.

दोन सभासदांच्या सह्या लागतात. एक सूचक, एक अनुमोदक. फॉर्म फक्त पंधरा तारखेला घेणार, दुपारी तीनच्या आत.

हिला सांगितलं. ही म्हणाली, पंधराला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मी म्हटलं, तुझं अकरा वाजता, माझं दहा वाजता. साडेदहाला मी तुझ्या उशाशी. ही म्हणाली, ही तारीख चार महिने थांबून मिळाली आहे, हुकली तर पुढची आणखी चार महिन्यांनी, आणि तोवर हा डोळा राहणार नाही असं डॉक्टर म्हणालेत. मी म्हटलं, मी शिक्षक आहे. एकदा सांगितलेलं मला पुरतं.

४ मार्च

चहा कपाच्या शेजारी ओतला! मी म्हटलं, लक्ष कुठे आहे? ही म्हणाली, लक्ष आहे, कप दिसत नाही. चार महिने हेच निमित्त. भाजीत दोनदा मीठ. माझा चष्मा साखरेच्या डब्यात. अशा वातावरणात राष्ट्राचा विचार कसा करायचा माणसानं?

तरीही केला. राष्ट्राध्यक्षाचं मुख्य काम म्हणजे सही. सभागृहानं केलेला कायदा त्याच्यापुढे येतो आणि हा गृहस्थ सही करून मोकळा होतो. पण पटलं नाही तर एकदा परत पाठवता येतो! हा अधिकार कोणी वापरतो का? मी वापरीन. प्रत्येक कायदा तपासून, शेरा मारून परत. पुन्हा लिहून आणा, समास सोडा, पालकांना भेटायला पाठवा.

निवासाला शंभरएक खोल्या असतात. आम्ही दोन वापरू. बाकीच्यांत वाचनालय. पहारेकऱ्यांनी सकाळी पहारा बदलताना एक कविता म्हणायची, चालीवर.

६ मार्च

शपथविधीच्या भाषणाची सुरुवात सुचली:

कुणा न बांधिल, कुणा न अंकित, उभा असा मी एकला,
सहीआधी जो वाचुन पाही, कुणी न ऐसा देखिला.

हिला म्हणून दाखवली. ही म्हणाली, छान आहे, जरा सुईत दोरा ओवून द्या. असो. मोठ्या माणसांच्या घरात हेच होतं.

९ मार्च

ढब्बू आता सभासद आहे. होय, तोच, शेवटच्या बाकावरचा. त्याच्या ऑफिसात तीन तास बसलो. बाकावर माझ्या एका बाजूला नळाची तक्रार, दुसऱ्या बाजूला गटाराची. त्याचा पीए म्हणाला, आजोबा, तुमचं काय, नळ की गटार? मी म्हटलं, राष्ट्राध्यक्षपद. त्यानं वहीत ‘इतर’ असं लिहिलं.

आत गेल्यावर ढब्बू खुर्चीतून उठला आणि म्हणाला, सर! अजून आहात? मी फॉर्म पुढे केला. त्यानं वाचला. मग हसला. मग पुन्हा वाचला आणि टेबल धरून हसला. म्हणाला, सर, तुम्ही मला अंगठे धरून उभं केलं होतं, आठवतं? आज सगळा पक्ष अंगठे धरून उभा राहील. करतो सही. होऊ द्या गंमत.

शेजारी दुसरे एक सभासद काडीनं दात कोरत बसले होते. ढब्बूनं फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी विचारलं, नळाचं आहे का? आणि सही केली.

सूचक! अनुमोदक! दोन्ही! ढब्बूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आदराचं असावं.

१२ मार्च

आज फॉर्म शांतपणे तपासला. सवयीप्रमाणे किरकोळ काम केलं. आता निर्दोष आहे.

वरच्या मजल्यावरच्यानं पुन्हा सतरंजी झटकली. मी गॅलरीतून ओरडून सांगितलं की पंधरा तारखेनंतर तुम्हाला पश्चात्ताप होईल. तो म्हणाला, का, घर सोडताय का? मी म्हटलं, सोडतोय. तो म्हणाला, पेढे देतो. मूर्ख!

१४ मार्च

मुलीचा परदेशातून फोन. बाबा, उद्या तुम्ही आईजवळ असणार ना? मी म्हटलं, अजून देशालासुद्धा शब्द दिलेला नाही, तुला पहिला देतो. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई हिला हॉस्पिटलात पोचवून दुकान उघडायला परत येणार आहेत. पुढे मी आहेच.

झोपताना ही म्हणाली, मला भीती वाटते. मी तिला माझ्या भाषणाचा दुसरा परिच्छेद म्हणून दाखवला. झोप लागली असावी. भिंतीकडे तोंड करून पडली होती.

१५ मार्च, सकाळी ९.४०

निवडणूक कार्यालय. रांगेत मी पहिला! एकटाच आहे, पण पहिला. खिडकी बंद. शिपाई म्हणाला, साहेब दहाला येतात. मी म्हटलं, होणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला साहेब वाट बघायला लावतात? तो म्हणाला, गेल्या खेपेचे पण तिथेच बसले होते. तो बाक हलतो.

१०.५५

राग, राग, राग!

अधिकारी आला साडेदहाला. फॉर्म घेतला, चष्मा वर केला, खाली केला. मग बोट ठेवून म्हणाला, हे काय? मी म्हटलं, सूचकाची सही. तो म्हणाला, सहीखाली काय आहे? मी म्हटलं, शेरा.

लाल शाईत, सुवाच्य: ‘अक्षर सुधारा. १० पैकी ४.’ अनुमोदकाला ३. त्याची सही म्हणजे मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखी आहे. मी काय डोळे मिटून घेऊ?

अधिकारी म्हणाला, त्या रकान्यात सहीखेरीज एक टिंब जरी असलं तरी फॉर्म बाद. मी म्हटलं, लाल शाईतलं ते मजकूर धरत नाहीत, पस्तीस वर्षं असंच चालत आलंय. त्यानं शिपायाला हाक मारून फॉर्म दाखवला. शिपाई म्हणाला, साहेब, चार जास्तच दिलेत.

कोरा फॉर्म दिला आहे. तीनच्या आत नव्या सह्या आणा म्हणाला. आणतो! हॉस्पिटलात थोडा उशीर होईल. ऑपरेशन डॉक्टर करतात, नवरा नव्हे.

११.३०

एका अनोळखी नंबरावरून सारखा फोन येतोय. तीनदा कापला. विरोधी उमेदवाराची माणसं असणार. माघार घ्या म्हणणार. मी विकला जाणार नाही!

१२.१५

ढब्बूचा फोन पीएनं घेतला. साहेब म्हणे त्या दोन पानं एकदम उलटणाऱ्याचे सूचक झाले. आज सकाळीच. दात कोरणारा अनुमोदक. मी विचारलं, आणि मी? पीए म्हणाला, वहीत बघतो. आणि खरंच पानं उलटल्याचा आवाज आला.

तो अनोळखी नंबर पुन्हा दोनदा. फोन बंदच करून ठेवला. दबावतंत्र!

३.१०

कोणी सभासद सही देईल म्हणून बाकावरच थांबलो होतो. शेवटच्या वीस मिनिटांत तो नवा उमेदवार आला. पन्नास माणसं, हार, कॅमेरे. त्याचा फॉर्म प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. अधिकारी खुर्चीतून उठून उभा राहिला. माझ्या वेळी त्यानं पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं.

मी बाकावर चढलो आणि भाषणाच्या पहिल्या दोन ओळी म्हटल्या, चालीवर. ‘एकला’पर्यंत पोचलो होतो. शिपायानं माझं कोपर धरलं. म्हणाला, चला आजोबा, सांभाळून, पुढे पायरी आहे. ढब्बू त्या गर्दीतच होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

संध्याकाळी ५.१५, घरी

निषेधाचं पत्र लिहायला घेतलं आहे. प्रत सभापतींना, प्रत सर्व वृत्तपत्रांना, प्रत ढब्बूला. (त्याच्या प्रतीवर मोठं अक्षर.) हा माझा अपमान नाही. हा लाल शाईचा अपमान आहे. पस्तीस वर्षांत हजारो सह्यांखाली मी शेरे मारले, एकही पालक असं बोलला नाही.

हॉस्पिटलात आता जाऊन उपयोग नाही. दोन दिवस ठेवणार आहेत. एव्हाना पट्टी बांधून पडली असेल, उगाच तिची झोप मोडेल. सकाळी जाईन. संकल्प: उद्यापासून चहा मीच करणार. आपल्याकडून कमी पडायला नको.

संध्याकाळी ७

पावणेसहाला बेल वाजली. मला वाटलं अधिकारी वरमला, माणूस पाठवला. भांग पाडला, कोट घातला, पत्राचा मसुदा हातात घेतला आणि दार उघडलं.

दारात एक टॅक्सीवाला. त्याच्या एका हातात आमच्या घरची पिशवी, दुसऱ्या हातात हिचा हात. हिच्या डोक्याला हॉस्पिटलची हिरवी टोपी तशीच. दोन्ही डोळ्यांत थेंब घातलेले. पट्टी नव्हती.

टॅक्सीवाला म्हणाला, हॉस्पिटलातून निरोप आहे, ऑपरेशन झालं नाही. आत घेण्याआधी नातेवाइकाची एक सही लागते, तिथल्या तिथे, डॉक्टरांसमोर. ह्यांचं कोणी नव्हतं. नर्सनी पाच वेळा फोन केला. शेवटी खाट दुसऱ्याला दिली, आणि ह्या दुपारभर बाकावर बसून राहिल्या, कोणीतरी येईल म्हणून. पुढची तारीख ह्या चिठ्ठीवर आहे. घ्या.

घेतली. जुलै.

हिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणजे मी होतो त्याच्या जरा डावीकडे. मग टॅक्सीवाल्याला हळूच विचारलं, दारात कोण उभं आहे हो?

त्यानं मला कोटापासून चपलांपर्यंत नीट न्याहाळलं आणि तिला म्हणाला, कोणी म्हातारे गृहस्थ आहेत, आजी. तुमच्या ओळखीचे आहेत का?