भुरीचा डावा डोळा

तीर्थरूप बाबा,

तुमच्या घोडेवाल्या लेकीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. पण जीव थाऱ्यावर नाही.

सोमवारी आमच्या भुरी घोडीने डावा डोळा मिटून घेतला, पाणी गळायला लागलं. गेल्या वर्षी तो लाल झाला होता, तेव्हाचं औषध शिल्लक होतं. मी कुणाला न विचारता दोनदा घातलं. डोळा निळसर, धुरकट झाला.

घाबरून मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डोळ्यात रंगाचा थेंब सोडला, तसा बुबुळावर हिरवा ओरखडा उठून दिसला.

"आधी काय घातलंस?"

मी बाटली दाखवली.

"हे लालीला चालतं, जखमेला नाही. जखम चिघळते. लपवलं असतंस तर डोळा गेलाच असता."

तेव्हापासून दर दोन तासांनी दुसरे थेंब घालतेय. मला पाहिलं की भुरी मान फिरवते. आज ओरखडा निम्मा झालाय, तरी मी दहादा जाऊन बघते.

आई फोनवर म्हणाली, तुमच्याही डोळ्यातून पाणी येतं. बाबा, कपाटातल्या बाटल्यांना हात लावू नका. उद्याच डॉक्टरांना दाखवा आणि लगेच कळवा. तोवर मला चैन नाही.

तुमची,
धाकटी