चार नंबरची जर्सी

मंगळवार, सकाळी

प्रिय रोलंड,

तुझी खोली माझ्या खोलीपासून एकोणीस पावलांवर आहे, तरी मी पत्र लिहितोय. बोलायला आलो असतो तर तू आधी कॉफी ओतली असतीस, मग घरी मार्लीन कशी आहे म्हणून विचारलं असतंस, आणि मी हवापाण्यावर बोलून परत आलो असतो. फेब्रुवारीपासून आपलं असंच चाललंय. म्हणून कागद घेतला. अक्षर माझं चांगलं आहे, हे तरी तू नाकारणार नाहीस.

परवा फाइल शोधताना तुझं पहिल्या वर्षाचं जुनं ओळखपत्र सापडलं. गळ्याशी टाय, आणि चेहऱ्यावर भाव असा, की जग आपल्याला ओळखतं. ओळखतही होतंच म्हणा. दोन हंगाम तू स्वतः अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक मैदानावर चेंडू झेलले होतेस. पेट्रोल पंपावर लोक तुझी सही घ्यायचे आणि फोटो काढायला मोबाइल माझ्या हातात द्यायचे. मी कोण, तर टोलेडोत घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा, शाळेच्या प्रशिक्षकाकडून जुन्या सामन्यांच्या टेप मागून आणून तळघरात एकटाच बघत बसणारा माणूस. मला कुणी शिकवलं नाही. चेंडू झेलायला पळणाऱ्या रिसीव्हरचं वळण पायानं होत नाही, कंबरेनं होतं, हे मला एकच टेप तीसतीसदा मागे नेऊन कळलं. तुला ते न बघताच कळत होतं, कारण ते तुझ्या कंबरेतच होतं. याचा मला तेव्हापासून त्रास होतो. आज लिहितोच आहे, तर हेही लिहून टाकतो.

तरीही ते दिवस चांगले होते. खेळाडू हेरायला अलाबामाच्या रस्त्यांवर फिरताना गाडी मी चालवायचो आणि तू शेजारी तोंड उघडं टाकून झोपायचास. रस्त्याकडेच्या टपरीवरच्या उकडलेल्या शेंगा तू खायचास, टरफलं माझ्या गाडीत. धावेची वेळ घेताना घड्याळ मुलाच्या हाताकडे बघून नाही, त्याच्या अंगाच्या पहिल्या हालचालीवर सुरू करायचं, हे तुला मी शिकवलं. आणि त्याच वर्षी तू ती मोठी चूक केलीस. कॉलेजच्या संघात एकाच नंबरची जर्सी दोघांना देता येते, फक्त दोघं एका वेळी मैदानात नकोत. स्टँडच्या माथ्यावरून घेतलेल्या फिल्ममध्ये चेहरे दिसत नाहीत, दिसतो तो नंबर. तू बचाव करणाऱ्या एका पोराचे खेळ रिसीव्हरच्या नावावर मांडलेस आणि भर बैठकीत वाचलेस. तेव्हा मी तुला लाल पेन्सिल दिली आणि म्हटलं, फिल्म लावायच्या आधी खेळाडूंची यादी शेजारी ठेव आणि जोडीच्या नंबरांभोवती गोल कर. त्यानंतर नाताळच्या प्रत्येक जेवणात तो किस्सा मी सांगत आलो. ‘रोलंड एकदा एका माणसाच्या जागी दोन माणसं घेऊन आला होता.’ तू दरवेळी हसलास. एकदाही ‘पुरे आता’ म्हणाला नाहीस.

आता रकान्याबद्दल. चेंडू आपल्याकडे येणार नाही हे माहीत असताना रिसीव्हर काय करतो, हे खेळागणिक, म्हणजे सामन्यातल्या एकेका चालीगणिक, मोजणारा रकाना माझा आहे. एकोणीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टीनं आखलेला. चेंडू येताना कुणीही पळतो. न येताना जो जीव तोडून पळतो, समोरच्याला अडवतो, तो कुठल्याही जागी उभा केला तरी उपयोगाचा. आणि पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली ज्याचा आकडा, त्याला मी खेळाडू-निवडीच्या दुसऱ्या फेरीत बसू देत नाही. फेब्रुवारीत तुला आपल्या सगळ्या स्काउटांचा, खेळाडू हेरणाऱ्यांचा, प्रमुख केलं, केक कापला. केकचं ठीक आहे, मी दोन तुकडे खाल्ले. पण नव्या पोरांना तू तो रकाना समजावत होतास तेव्हा कुणीतरी त्याला ‘रोलंडचा रकाना’ म्हणालं, आणि तू नुसता हसलास. तुझ्या ते लक्षातही राहिलं नसेल. मी मात्र त्या दिवशी घरी मार्लीनसमोरून अर्धं जेवण टाकून उठलो.

आणि मग तू रिसीव्हर केशॉन व्हिटलोचं नाव घेऊन आलास. मिसिसिपीतलं त्याचं छोटं कॉलेज माझ्या वाटेवरचं. सात वर्षं मी तिथे जातोय, पण गेल्या शरदात पाठ धरली होती म्हणून ते एक गाव सोडलं आणि नेमका तिथे तू गेलास. कडेला खेळतो, आत खेळतो, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या शेजारून निघतो, प्रतिस्पर्ध्यानं लाथाडलेला चेंडू झेलून परत आणतो. तुझ्या अहवालाची पहिली ओळ अजून पाठ आहे: चार जागा, माणूस एक. मॅनेजर हॅनिगनसाहेबांनी नियमाप्रमाणे दुसरी नजर म्हणून फिल्म माझ्याकडे दिली. मी अहवाल वाचून मार्लीनला म्हटलं, चार जागा म्हणजे कुठलीच जागा पक्की नाही, हे रोलंडला कोण सांगणार. ती भांडी पुसत होती. म्हणाली, “ड्वेन, तुला तो मुलगा नापास करायचाय की रोलंड?” मी तिला म्हटलं, तुला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

मी शोधायला बसलो आणि मला सापडलं. त्याच्या कॉलेजच्या संघानं लाथ मारल्यावर चेंडूमागे धावत जाणाऱ्या तुकडीत चार नंबर, म्हणजे व्हिटलोचा नंबर, दिसला. चौदा खेळ. अकरांत तो अर्ध्यावर पाय ओढायला लागतो. तुझ्या अहवालात या तुकडीचा उल्लेखच नव्हता. रोलंडनं हे लपवलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. पंचाहत्तर खेळांपैकी साठांत पुरी धाव. ऐंशी टक्के. सोमवारच्या, म्हणजे गेल्या आठवड्यातल्या बैठकीत मी तो आकडा वाचला. तू म्हणालास, तो त्या तुकडीत खेळल्याचं मला आठवत नाही. मी म्हणालो, “तुला आठवत नसेल, फिल्मला आठवतं.” सगळी खोली हसली. साहेब म्हणाले, “कोलारिकनं मोजलंय ना, मग मोजलंय.” आणि त्यांनी व्हिटलोचं कार्ड बोर्डावर दुसऱ्या फेरीतून उचलून पाचव्या फेरीत लावलं. प्रमुख म्हणून तू मागितलेला हा पहिला खेळाडू. तू नुसता त्या कार्डाकडे बघत राहिलास. तुझं ते बघणं मला घरी येईपर्यंत पुरलं, गाडीत मी शीळही घातली.

रविवारी सगळे चर्चमध्ये असताना मी फिल्मच्या खोलीत आलो. कारण चांगलं नव्हतं. बुधवारी तू पुन्हा विषय काढलास तर तुझं तोंड बंद करायला ते अकरा खेळ एकामागोमाग जोडून ठेवायचे होते. तिसऱ्या खेळाला मी थांबलो. धावणाऱ्या चार नंबरच्या दोन्ही कोपरांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या. व्हिटलो कोपराला काही बांधत नाही, नुसतं डावं मनगट चिकटपट्टीनं गुंडाळतो. हे मला ठाऊक होतं, कारण मीच माझ्या अहवालात तसं लिहिलं होतं. मग यादी काढली. बचावाच्या राखीव फळीत एक पोरगा आहे, नंबर चार. यादीवर लाल गोल नव्हता. बावीस वर्षांत मी यादीवर गोल न करता फिल्म लावली ती याच एका वेळी. विसरलो असं तू म्हणशील. मी विसरलो नाही, रोलंड. मला घाई झाली होती.

आता हे पत्र कशासाठी ते. हे मला रविवारी दहा वाजून वीस मिनिटांनी कळलं, आणि आज मंगळवार आहे. हे दोन दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. माझं मोजमाप इथे कुणी पुन्हा मोजत नाही, हे तुला माहीत आहे. गुरुवारपासून सगळ्या संघांची निवड सुरू झाली असती, दुसऱ्या कुठल्या तरी संघानं त्याला नेलं असतं, आणि माझं नाव होतं तसंच राहिलं असतं. काल मी जवळजवळ तसंच ठरवलं होतं. मग संध्याकाळी माझा रकाना पुन्हा भरला, निव्वळ सवयीनं. ते चौदा खेळ वगळून एकसष्टपैकी सत्तावन्न, म्हणजे त्र्याण्णव. एवढा आकडा मी आयुष्यात आधी एकदाच लिहिलाय. त्या कागदाकडे बघत बसलो आणि लक्षात आलं, हा आकडा दडवला तर मग रकानाही माझा राहत नाही. सोबत यादी जोडली आहे, लाल गोलासह. उद्या नऊ वाजता हे मी स्वतः उभा राहून सांगणार आणि कार्ड माझ्या हातानं वर लावणार. तू मध्ये पडू नकोस, सावरून घेऊ नकोस, एवढी एकच मेहरबानी कर. प्रमुखाची ती खुर्ची माझी होती असं मला अजूनही वाटतं, आणि वाटत राहील. पण तो मुलगा तू शोधलास. माझ्या वाटेवर उभा होता, आणि तू शोधलास. येत्या नाताळला माझा हा किस्सा तू सांग. मी हसेन. तुझ्याइतकं चांगलं जमणार नाही, पण हसेन.

तुझाच, जमेल तेवढा,
ड्वेन कोलारिक