चिखला सुंदरी आणि माझे मोहफुलांचे लाडू

१८ ऑक्टोबर १९८३
आमच्या चिखला गावच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात शेजारच्या आनंदरावांची संघमित्रा 'चिखला सुंदरी' झाली. वय सोळा. पुठ्ठ्याचा मुकुट डोक्यावर, आणि माइकवर म्हणाली, मले शुगरची बिमारी आहे, रोज सुई टोचा लागते, लपवून काय होते? लीलाबाई मागून म्हणाल्या, अवो, हिच्याशी लगन कोण करन? मित्रा म्हणाली, माहीत असून करन तोच करन.

ती आता शुगरबद्दल गावात सभा घेणार आहे. त्या प्रचाराची सूत्रं मीच घेणार. आमचे हे शुगरनेच गेले. पायाची जखम शेवटपर्यंत भरली नाही. शिवाय या विषयावर मी दोन पुस्तकं वाचली आहेत. (एक अर्धं.)

२२ ऑक्टोबर
कालपासून साखर बंद. पुढाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावं. काल कोजागिरीचं दूध घेतलं, पण ते प्रसादाचं. तहान फार लागते. ऊन आहे.

२६ ऑक्टोबर
शोध! मोहफुलं भाजायची, तिळासोबत कुटायची, लाडू वळायचे. साखर नाही, गूळ नाही. झाडाचं फूल ते, त्यात शुगर कुठून येणार? चहासोबत दोन, जेवणानंतर दोन. झोपेतून सारखं उठावं लागतं. रांजणातलं पाणी गार असतं, जास्त प्यायलं जातं.

३० ऑक्टोबर
मित्राची सभा. तिने इंजेक्शन कसं घेते ते करून दाखवलं. मी लाडू वाटले, शुगरवाल्यांसाठी खास म्हणून. मित्राने एक हुंगला आणि ताटात परत ठेवला. म्हणाली, काकू, मोह सडवला का दारू होते ना? गोडाशिवाय दारू होते काय? मी म्हटलं, दारूचा विषय सुंदरीला शोभत नाही. बाया खूप हसल्या. मला वाटतं, तिच्यावर.

५ नोव्हेंबर
दिवाळी बरी गेली. अंगठ्याला चपलेचं लागलेलं अजून ओलं आहे. चपलेचं चामडंच वाईट. हळद लावली. मित्राने पाय पाहिला. विचारलं, काकू, हे कवाचं? परवाचं, म्हटलं. (दसऱ्याच्या आधीचं असेल.) ती पाय मांडीवर घेऊन बसून राहिली. पोर संशयी आहे.

९ नोव्हेंबर
गावच्या दवाखान्यात तपासणीचं शिबिर. कंपाउंडर नत्थू निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी स्टोव्हवर धरतो. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर शुगर. नावं पुकारायला मी. शेवटी मित्राने माझंच पुकारलं. मी आयोजक, मला कशाला? तर सगळ्यांसमोर म्हणते, काकू, मुकुट घातला म्हणून बिमारीनं मले सोडलं काय?
उद्या बाटली देते म्हटलं. दोन पेले कारल्याचा रस घेतला. कडूने गोड मरतं. निळंच येणार.

१० नोव्हेंबर
निळं, हिरवं, पिवळं. मग विटकरी.
औषध जुनं असेल, मी म्हणाले. नत्थूने त्याच बाटलीतून स्वतःची तपासणी केली. निळं. तो बिचारा माझ्याकडे बघेना.
दवाखान्याबाहेर बाकावर बसले. यांच्या आजारपणात मी तिथेच बसत होते. मित्रा शेजारी आली. म्हणाली, काकू, पाय वाचते, उद्या माझ्यासंगं तुमसरले चला. पण लाडू आजपासून बंद.

१४ नोव्हेंबर
तुमसरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जखम धुतली. वेळेत आलात, म्हणाले.
पुढच्या सभेत मी बोलावं असा मित्राचा आग्रह आहे. चार पानी भाषण लिहिलं: दांडग्या वाचनामुळे मला रोग कसा आधीच ओळखता आला, वगैरे. मित्राने वाचून सगळं खोडलं आणि एकच वाक्य ठेवलं. मी शकुंतला, मले शुगर आहे.
आरशासमोर म्हणून पाहिलं. निघतं तोंडातून.