वसाहतीतलं शेवटचं घर

दादा,

तुझ्या सांगण्यावरून, भाड्याने द्यायला एखादं घर घ्यावं म्हणून बंद खाणीजवळची कामगारांची घरं पाहून आले. दलालाने भिंतीतली भेग कपाटाआड लपवली होती.

"ताई, जमीन पक्की आहे. खाण कधीच भरून टाकलीय," तो म्हणाला.

"हो, माणसं वर न काढताच भरली. आमचे बाबा अजून खालीच आहेत."

तो क्षणभर ओशाळला, मग लगेच भाव उतरवू लागला. मला शिसारी आली, तरी तुझ्या पैशांनी खाणीच्या बोगद्यावरचं शेवटचं घर घेतलं. दाराला कुलूप घालून आलेय. बाबांच्या छातीवर कुणा परक्याने संसार मांडलेला मला बघवणार नाही.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. फोनवर विचारलंस, तर सांगेन, भाडेकरूच मिळत नाही.

तुझी,
धाकटी