मीटर न लावता लिहिलेले ‘वाळले’

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा भिजलेली घरगुती यंत्रे दुरुस्त करणे, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नीचे मत वेगळे आहे, पण डॉक्टरांचा दाखला माझ्या बाजूने आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी जावयावर रागावून लिहिले होते.

१. राहते घर पत्नीला. ते तसेही तिचेच आहे, मी तिथे आजवर जेवायला आणि झोपायला जात आलो. वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांचे वॉशिंग मशीन नऊ वर्षे आमच्या छतातून गळते आहे. मी फुकट दुरुस्त करून देतो म्हटले, तर म्हणाले, "तुम्ही नको, कंपनीचा माणूस येणार आहे." तो अजून येतो आहे. हे भांडण मी पत्नीच्या नावे करतो. ती ते माझ्यापेक्षा चांगले चालवेल.

२. बँकेत जे काही निघेल ते मुलीला. जावयाला माझा हेअर ड्रायर द्यावा. एकदा त्याने भिजलेला रिमोट याच ड्रायरने वाळवायला घेतला आणि बटणे वितळवली. ओल वाऱ्याने आणि सबुरीने जाते, भाजून नाही, हे मी त्याला तीनदा सांगितले. अर्थात माझा स्वतःचा मोबाईल बादलीत पडला तेव्हा मी तो गुपचूप तांदळाच्या डब्यात पुरला होता, हेही इथे नमूद करतो. असे करणाऱ्या गिऱ्हाइकांना मी जन्मभर हसलो.

३. दुकान, हत्यारे आणि मीटर धाकट्या भावाला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

आमच्या दुकानात एक रीत होती. भिजलेले यंत्र आले की मागचे झाकण उघडायचे, आतला गाळ स्वच्छ पाण्याने धुवायचा, चार दिवस पंख्यापुढे ठेवायचे, मग मीटर लावून आतली ओल गेली का ते पाहायचे. ज्याने मीटर लावला त्यानेच मागे खडूने ‘वाळले’ असे लिहायचे. तो शब्द दिसल्याशिवाय दुसऱ्याने वीज जोडायची नाही. रीत मीच घातली होती.

तेवीस वर्षांपूर्वी रस्त्याखालची मोठी जलवाहिनी फुटली आणि तळघरांत पाणी शिरले. आठवड्याभरात साठ यंत्रे आली. नुसता गाल लावला की मोटरमधली ओल कळते, अशी माझी घमेंड होती. गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या वॉशिंग मशीनला मी गाल लावला, मीटर लावला नाही, आणि ‘वाळले’ लिहून मोकळा झालो. भावाने माझे अक्षर पाहून वीज जोडली. झटक्याने तो भिंतीवर जाऊन आदळला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची बधिर झाली.

लोक धावत येण्याआधी मी ओल्या फडक्याने खडू पुसला. आलेल्यांना सांगितले, "न विचारता हात घातला, आता काय करणार." गल्लीने त्याचे नाव झटक्या ठेवले, ते आजही चालते. त्याने धंदा सोडला आणि कापडाच्या गोदामात नोकरी धरली. माझे दुकान मात्र जोरात चालले. चूक त्याची नव्हती, माझी होती. हे कलम माझ्या पश्चात दुकानासमोर मोठ्याने वाचावे.

इथवर लिहून मी पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मेल्यावर कबूल करणार? मग भावोजींनी भांडायचं कोणाशी, फोटोशी?"

म्हणून काल मी हा कागद घेऊन भावाकडे गेलो. सगळे वाचून दाखवले.

"तू खडू पुसलास तेव्हा मी खाली पडलेलो होतो, दादा. डोळे उघडे होते."

"मग बोलला का नाहीस?"

"दुकान एकच होतं. दोघांचंही नाव खराब झालं असतं तर आईकडे कोणी बघितलं असतं? वाटलं, आठवड्यात तूच सांगशील. जरा उशीर केलास."

मी रडलो. गाल ओला आहे हे या खेपेला मीटरशिवाय बरोबर कळले.

"आणि दुकान मेल्यावर कशाला?" तो म्हणाला. "तुझ्या मरणाची वाट बघत बसू? किल्ली उद्याच दे."

त्याप्रमाणे आज सकाळी बक्षीसपत्र नोंदवून दुकान त्याला दिले. सबब कलम तीनमधले दुकान, हत्यारे आणि मीटर आता माझ्या मालमत्तेत नाहीत. उरते फक्त कबुली. ती माझ्या पश्चात वाचण्याची गरज नाही. दुपारी दुकानाच्या पायरीवर उभा राहून मीच वाचली. निम्मी गल्ली होती, प्राध्यापकही होते.

४. वकीलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. भावाला यातून आता काहीच मिळत नाही. मी विचारले, त्याने हो म्हटले.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ११ नोव्हेंबर

मृत्युपत्र करणार: सही
साक्षीदार क्र. १: शिंपीणबाई, सही
साक्षीदार क्र. २: धाकटा भाऊ, सही

टीप: साक्षीदार क्र. २ यांची सही वाकडी आली आहे. ती अस्सल धरावी. वाकडेपणाचे कारण कलम तीनमध्ये दिले आहे.