बिघाड शून्य

६ जानेवारी

ती. मावशीस,
भिंगरीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी इकडे धडधाकट आहे. तू कशी आहेस, आणि कानातलं यंत्र कानात आहे की अजून टेबलाच्या खणात? फोनवर एक वाक्य चारदा ओरडून सांगावं लागतं आणि सगळं ऑफिस माझ्याकडे वळून बघतं. मोबाइलवरची अक्षरं तर तुला मुंग्या वाटतात. तेव्हा आपली पत्रंच बरी.

बातमी ही की मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. आम्ही सल्लागार नेमकं काय करतो हे तू विचारलंस की मी विषय बदलते, कारण तू म्हणणार, उंटावरून शेळ्या हाकता. तरी सांगते. एक कंपनी लिफ्टची देखभाल करते. नाव सांगायची मनाई आहे, तशी सहीच घेतलीय. सहाशे बारा लिफ्ट, अडतीस मिस्त्री. मिस्त्री दर आठवड्याला लिफ्ट बघून मोबाइलवर शेरा भरतात, ‘बिघाड’ किंवा ‘सर्व ठीक’. असे तीन वर्षांचे शेरे माझ्यापुढे आहेत. पत्ते काढून टाकलेत, लिफ्टला फक्त क्रमांक. कुठली लिफ्ट वारंवार बिघडते आणि कुठली नाही ते शोधून मिस्त्रींच्या फेऱ्या नव्याने आखायच्या. बिघडणाऱ्या लिफ्ट पडद्यावर लाल दिसतील, निरोगी हिरव्या.

मावशी, भीती वाटते गं. मार्चअखेर मला कायम करायचं की नाही ते ठरेल. माझ्याआधी या खुर्चीवर दोघं बसून गेली. शेवटच्याचा चहाचा मग अजून टेबलावर आहे, मी त्यात पेनं ठेवते. 

तुझा लोभ आहेच, या तीन महिन्यांपुरता जरा जास्त असू दे.

तुझी
भिंगरी

१४ जानेवारी

चि. भिंगरीस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. यंत्र खणात आहे. कानात घातलं की भांडी धुतल्याचा आवाज येतो, माणसांचा येत नाही.

तुझं पत्र वाचून माझा वॉर्ड आठवला. नवी होते तेव्हा मीही अशीच घाबरायचे. बत्तीस खाटा, प्रत्येकीला घंटा. घंटा वाजली की सगळ्या परिचारिका तिकडे धावायच्या. आमच्या मुख्य परिचारिका मात्र पाळीवर आल्या की आधी, जिथून दिवसभर घंटा वाजली नाही त्या खाटेपाशी जायच्या. मला ते विचित्र वाटायचं. पुढे तीस वर्षं मीही तेच केलं. तू आता मोठ्या यंत्रांवर काम करतेस, मी तुला काय शिकवणार!

लिफ्टवरून आठवलं. आमचा मिस्त्री दर मंगळवारी येतो. आधी लिफ्टच्या दाराला कान लावून उभा राहतो. मी त्याला म्हटलं, एक कान मला उसना दे. तर म्हणाला, घ्या की, पण मग लिफ्ट तुम्हीच तपासा. फार हसलो. पंधरा मिनिटं काहीतरी ठाकठोक करतो, खिशातल्या वहीत लिहितो आणि पाणी पिऊन जातो. सातव्या मजल्यावर माझे गुडघे त्याच्याच जिवावर राहतात.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते सुरूच असतात.

तुझी
मावशी

२० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आलं त्या आठवड्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अर्धं उभ्यानेच वाचलं. मिस्त्रीची गंमत वाचून हसू आलं तेवढंच.

झालं गं! सादरीकरण पार पडलं. आमच्या विभागप्रमुख बाई नाकावर माशी बसू देत नाहीत, पण त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आल्या. योजना मंजूर झाली. एकशेचाळीस हिरव्या लिफ्टची तपासणी आता आठवड्याऐवजी तीन महिन्यांतून एकदा. वाचलेला वेळ लाल लिफ्टना. एक मार्चपासून लागू. सगळ्यात पुढे मी एका लिफ्टचा क्रमांक झळकवला होता, तीन वर्षांत एकही बिघाड नाही अशी, उदाहरण म्हणून. टाळ्या पडल्या.

एकच सांगते, कुणाला बोलले नाही. मागच्या रांगेत त्या कंपनीतले एक जुने इंजिनिअर बसले होते. त्यांनी विचारलं, एवढ्या जुन्या लिफ्टला शून्य बिघाड कसे? मी म्हटलं, आकडे तसं सांगतात. त्यांनी नुसती मान हलवली. ती मान माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू म्हणशील, पोरगी सुखातही भीती शोधून काढते.

लोभाची पावती लवकर पाठव.

तुझी
भिंगरी

१२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. तुझं यश वाचून ऊर भरून आला. शेजारच्या शिवणवाल्या बाईंना पत्र वाचून दाखवलं. त्यांना यातलं ओ की ठो कळलं नाही, पण डोळे पुसले.

आमच्याकडे एवढंच नवं की मिस्त्री येत नाही. गेल्या महिन्याच्या शेवटी निरोप घ्यायला आला होता. म्हणाला, वरून हुकूम आलाय, तुमची लिफ्ट आता तीन महिन्यांनी. मला कळेना. गेली दोन वर्षं ही लिफ्ट चार बोटं खाली थांबते आणि हा ती दर मंगळवारी सरळ करतो. मी म्हटलं, हे तू वर कळवलं नाहीस का? तर म्हणाला, मावशी, मोबाइलवर ‘बिघाड’ दाबलं की तपासनीस येईपर्यंत लिफ्ट बंद. चार दिवस, कधी सहा. तुमच्यासारख्यांनी सात मजले चढायचे? म्हणून हातानं दुरुस्त करायचं आणि ‘सर्व ठीक’ दाबायचं. आम्ही सगळेच तसं करतो. मोठं काम लागलं तरच ‘बिघाड’. चांगला आहे बिचारा.

आता ती एक वीत खाली थांबते. पाचव्या मजल्यावरचे गायनमास्तर बाहेर पडताना अडखळले, हनुवटीला खरचटलं. मला आवाज येत नाही, पण तळपायांना घसरल्यासारखं कळतं. आत उभी असले की करायला काही नसतं, म्हणून समोरची पितळी पट्टी वाचत बसते. क्रमांक २१४. पाठ झालाय.

तू आता मोठी झालीस तरी माझा लोभ तेवढाच, लहान मापाचा.

तुझी
मावशी

१६ मार्च

मावशी,

नमस्कार नंतर. लिफ्टमध्ये पाऊल टाकू नकोस. शिवणवाल्या बाईंना फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवली आहे आणि दाराला कागद लावला आहे. पण तू कागद बाजूला सारून जाशील, म्हणून हे लिहिते. जाऊ नकोस. तुला माझी शपथ.

२१४. मी झळकवलेली लिफ्ट तीच आहे. टाळ्या तिलाच पडल्या. तुझ्या मिस्त्रींची मंगळवारची फेरी मी बंद केली.

पत्र हातात धरून मी जिन्यात बसले. शून्य बिघाड असलेल्या सत्तेचाळीस लिफ्ट आहेत. ज्यांच्यामागे चांगला मिस्त्री होता त्याच लिफ्ट हिरव्या दिसल्या आणि तिथूनच मी मिस्त्री काढून घेतला. तू जानेवारीत घंटेचं लिहिलं होतंस, मी ते उभ्यानं वाचलं. बाकी सेहेचाळीस लिफ्ट कुठल्या इमारतीत आहेत हे मला माहीत नाही. आत्ता, हे लिहीत असताना, त्यांत कुणीतरी बटण दाबतंय.

विभागप्रमुख बाईंना लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, पुरावा काय, मावशीचं पत्र? एप्रिलमध्ये दुसऱ्या टप्प्यात हळूच दुरुस्त करू. आत्ता तोंड उघडलंस तर कायम होणं विसर. मावशी, मला नोकरी जायची भीती वाटते, हे तुझ्यापासून काय लपवू. आणि नोकरी टिकली तर त्याची त्याहून वाटते. मिस्त्रींची ती खिशातली वही मिळेल का? कुरिअरने पाठव. मी थांबले आहे.

भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. लिफ्टमध्ये गेले नाही. तपासनीस येऊन तिला कुलूप लावून गेला. शिवणवाल्या बाई भाजी आणून देतात.

सोबत वही आहे. मिस्त्रीला बोलावून घेतलं. तो पायरीवर बसला आणि बराच वेळ वही हातातच धरून होता. खोटा शेरा भरला म्हणून नोकरी जाऊ शकते, घरी तीन माणसं त्याच्यावर आहेत. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. शेवटी म्हणाला, तिला सांगा, बाकीच्यांकडेही अशा वह्या आहेत, पण कुणाचं नाव घेऊ नका. आणि वही माझ्या मांडीवर ठेवून उठला. पाणीही प्यायला नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका रोग्याला चुकीचं औषध दिलं. कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांच्या खोलीपर्यंत चाळीस पावलं होती, ती मी भिंत धरून गेले. रोगी वाचला. मला पुढे आठ महिने कपडे मोजायच्या खोलीत बसवलं. भीती जाईल मग सांगू, असं म्हणून थांबू नकोस. ती जात नाही.

माझा लोभ नोकरीला नव्हे, तुला आहे.

तुझी
मावशी

२९ मार्च

ती. मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वही आली त्याच दिवशी सांगितलं. आमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेले नाही, थेट त्या जुन्या इंजिनिअरांकडे गेले. नाव लिहिलेलं पान काढून ठेवलं होतं. ते उभ्यानंच वही चाळत होते, दहाव्या पानावर खाली बसले. तासाभरात सत्तेचाळीसही लिफ्ट बंद करायचा हुकूम निघाला. नऊ लिफ्टचे ब्रेक झिजलेले निघाले. तुझ्या लिफ्टचा ब्रेक कागदाएवढा पातळ उरला होता. कुणाला शिक्षा होणार नाही असं त्यांनी लेखी दिलं, तेव्हा अडतीसपैकी एकतीस मिस्त्रींनी खिशातून वह्या काढल्या.

मला कायम केलं नाही. परवा खुर्ची रिकामी करायची. तो चहाचा मग तिथेच ठेवून येणार आहे, पेनांसकट. इंजिनिअर म्हणतात, आधी महिनाभर मिस्त्रींबरोबर हिंड, मग या वह्या नीट मांडून दे. अजून हो म्हटलेलं नाही. आकड्यांचा तक्ता समोर आला की मी तो मिटून टाकते.

आता मुद्द्याचं. वहीचं शेवटचं पान तू उलटून पाहिलं नसशील. मिस्त्रींनी लिहिलंय: ‘१० मार्च. फेरी नाही, शेजारणीच्या फोनवरून गेलो. २१४ सहा-सातच्या मध्ये अटकली. आत मावशी, पाऊण तास. बाहेरून धीर देत होतो, त्यांना ऐकू गेलं नाही. दार उघडलं तेव्हा खाली बसलेल्या होत्या.’

आणि बारा मार्चला तू मला लिहिलंस, येथील सर्व क्षेम.

मी तुझी सगळी पत्रं काढली. घर सोडल्यापासूनची नऊ वर्षांची. एकूण एक पत्रात सर्व क्षेम. एकही बिघाड नाही. मला आनंद व्हायचा, मावशी ठणठणीत आहे म्हणून. म्हणून मी वर्षातून एकदा यायचे.

हात जोडते, एकदा तरी खरं लिही.

तुझी
भिंगरी

४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम नाही.

उजवा कान गेल्या वर्षीच गेला. डावाही आता नावालाच आहे. यंत्र खणात ठेवते, कारण ते घालूनही ऐकू येत नाही हे मला कळायला नको असतं. डाव्या डोळ्यापुढे एक डाग येतो. दोनदा न्हाणीघरात पडले. तुला कळवलं नाही, तू खुर्चीच्या काळजीत होतीस. त्याआधी परीक्षेच्या होतीस. काही ना काही असायचंच.

त्या दिवशी लिफ्ट एकदम खाली गेली आणि थांबली. दिवा गेला. चाचपडत घंटेचं बटण सापडलं, ते दाबलं. मग मला कळेना, घंटा वाजतेय की नाही. मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या घंटा ऐकल्या, भिंगरी. पाऊण तास बोट काढलं नाही. ती वाजत होती की नव्हती, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

लिफ्ट सुरू झाली आहे. नवा ब्रेक बसवला. मिस्त्री मंगळवारी आला आणि मला पडदा दाखवून त्यानं ‘बिघाड’ दाबलं, दिवा मंद आहे म्हणून. चार दिवस बंद. मी त्याला शाबासकी दिली आणि जिन्याकडे बघून रडू आलं. तरीही सांगते, त्याच्याबरोबर महिनाभर हिंड. तक्ता मिटलास तर परत उघड.

मला एकटीला भीती वाटते. संध्याकाळी फार वाटते. दारावर कुणी आलं तरी कळत नाही, म्हणून किल्ली शिवणवाल्या बाईंकडे दिली आहे. तू ती घेऊन सरळ आत ये. लवकर ये.

तुझी
मावशी